दोन सीटची गाडी

आमचा दादा एका जागी शांत बसलेला मी आयुष्यात फक्त दोनदा पाहिलाय. ते सांगायचं तर आधी बाथरूमच्या कडीपासून सुरुवात करायला हवी. नमनाला घडाभर तेल म्हणा हवं तर, पण त्याशिवाय काही कळायचं नाही.

वडील त्याला भिंगरी म्हणायचे. लोकांच्या पायाला भिंगरी असते, हा अख्खाच भिंगरी. अर्धा चहा टेबलावर ठेवून पंखा खोलायला घेणार. पाती काढून झाली की याला खिडकीचं बिजागर करकरताना ऐकू येणार. मग पाती पलंगावर, हा खिडकीत, चहावर साय. घरात बघावं तिकडे एक ना धड, भाराभर चिंध्या. आतून रिकामा रेडिओ, तीन भिंतींना एक रंग आणि चौथीला दुसरा, एक पाय नसलेलं म्हणून भिंतीला टेकवलेलं कपाट. वर "मी करणार आहे ना!" हे पालुपद. दुसऱ्या कोणी हात लावलेला त्याला खपायचा नाही. वहिनीने एकदा सुताराला बोलावलं, तर दादाने त्याला दारातूनच परत लावलं आणि आठवडाभर गाल फुगवून फिरला.

मजा म्हणजे कामावर हाच माणूस एकदम चोख. एकतीस वर्षं लिफ्टचा मेकॅनिक. दार नीट लागतंय की नाही ते दहादा बघितल्याशिवाय इमारतीतून पाय काढायचा नाही. "तिथे चुकलं की माणूस पडतो," म्हणायचा. "घरी काय, कोण पडतंय?"

तर कडी. घरात बाथरूम एकच, खालच्या मजल्यावर. खाली दादा, वहिनी आणि त्यांची लेक. वरच्या खोलीत मी. मी दादाची धाकटी बहीण. शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे, लग्न केलं नाही, आणि माझी जीभ तिखट आहे हे मला माहीत आहे, कोणी सांगायला नको. बाथरूमची जुनी कडी घट्ट लागते म्हणून दादाने ती काढली. काढल्यावर कळलं की चौकटच तिरकी आहे. मग दार तासून झालं, मग चौकटच नवी करू असं ठरलं, आणि तिथे गाडं अडलं ते अडलंच. अकरा वर्षं! वहिनीने स्वतः जाऊन एक पितळी कडी आणली, चांगली जाडजूड. ती कागदात गुंडाळलेली ड्रॉवरमध्ये पडून राहिली.

मग घराला सवयच लागली. आत गेलं की गायचं. आवाज आला म्हणजे आत माणूस आहे. मी गायचे, भाची गायची, दादा एका गाण्याची सुरुवात करून दुसऱ्यातच शिरायचा, तिथेही पुरं करणं नाहीच. वहिनी आणि सूर यांचं मात्र हाडवैर. ती पाढा म्हणायची. तोही साधासुधा नाही, एकोणतीसचा. "एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी" असं आतून ऐकू आलं की आम्ही हसायचो, आणि बाहेर येऊन ती मला म्हणायची, "हसा आत्याबाई, हसा!" भाचीची मी आत्या, म्हणून वहिनी चिडवायला मला आत्याबाई म्हणायची. मला ते फार आवडायचं. तिला कधी सांगितलं मात्र नाही.

भाची लग्न होऊन दूर गेली, आणि दोन वर्षांनी दादा निवृत्त झाला. त्या दिवशी त्याच्या कंपनीतली माणसं घरी आली. साहेब बैठकीत उभे राहून म्हणाले, "या माणसाने एकतीस वर्षांत एक दार अर्धवट सोडलं नाही." टाळ्याच टाळ्या. वहिनी सकाळपासून राबून घामाघूम झालेली. पटकन अंग धुऊन कपडे बदलून येते म्हणाली. नेमका तिचा घसा बसलेला, पाढे म्हणायला आवाज फुटेना, म्हणून बादलीवर पाण्याचा मग वाजवत होती बिचारी. टाळ्यांच्या गदारोळात ते कोणाला ऐकू येणार? साहेबांनी विचारलं, बाथरूम कुठे? दादा म्हणाला, "जा ना साहेब, रिकामंच आहे."

पुढचं काय सांगू! आधी साहेब ओरडले, मग बादली गडगडली, मग साहेब "सॉरी, सॉरी" करत उलट्या पावली आले ते चपलांच्या ढिगातच बसले. आणि मी हसले. फिस्सकन नाही, पोट धरधरून. अख्खी बैठक गप्प आणि मी एकटी हसतेय. त्या उघड्या दाराआड वहिनीला ते ऐकू गेलं असणारच. आजही आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी बॅग भरून लेकीकडे निघाली. लेक दोनशे किलोमीटरवर. दादा तिच्या मागेपुढे नाचतोय, "अगं, पण झालं काय एवढं?" ती उंबऱ्यात थांबली. आवाज बसलेलाच होता.

"आयुष्यात एक गोष्ट शेवटापर्यंत करून दाखवा," ती म्हणाली. "एकच. मग न्यायला या."

माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. नंतर फोनवर बोलायची, औषधं घेतली का, गॅस आला का. पण 'आत्याबाई' हा शब्द तिने पुन्हा तोंडातून काढला नाही.

चार दिवस दादा घरभर फिरला. पाचव्या दिवशी मला म्हणाला, "मी गाडी बांधतो."

"कसली गाडी?"

"गाडी गं! अख्खी. स्वतःच्या हाताने. आणि तीच घेऊन तिला आणायला जातो."

"अरे, कपाटाला एक पाय लावता येईना तुला, आणि गाडी बांधतोस?"

"म्हणूनच," तो म्हणाला. "कपाटाचा पाय लावून कोणाची बायको परत आलीय?"

अशा गाड्यांचा संच मिळतो हे मला तेव्हा कळलं. लोखंडी नळ्यांचा सांगाडा आणि वरचं फायबरचं अंग खोक्यांतून घरी येतं. इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, चाकं हे सगळं एखाद्या जुन्या गाडीतून काढून त्यात बसवायचं. भंगारवाल्याकडे मागून ठोकर बसलेली एक गाडी होती. पाठ पार चेपलेली, पण इंजिन ठणठणीत. मी तिला 'देहदानवाली' म्हणायला लागले. घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये दादाने साखळीची कप्पी टांगली आणि तिचं इंजिन असं अलगद उचललं की मी बघतच राहिले. "एकतीस वर्षं माणसं वरखाली केलीत," म्हणाला, "हे तर मुकं जनावर."

नटबोल्ट मी सांभाळले. प्रयोगशाळेतल्या जुन्या बरण्या आणल्या, चिठ्ठ्या लावल्या. 'पुढचं डावं चाक', 'स्टिअरिंग', 'गिअरबॉक्स', आणि एक 'कशाचे ते दादालाच माहीत'. सगळ्यात आधी तीच बरणी भरली.

पण माझं खरं काम वेगळंच होतं. शाळेतून आले की आधी शेडमध्ये डोकवायचं, हा गाडीवरच आहे ना ते बघायला. एकदा शेजाऱ्यांचा मिक्सर उघडून बसला होता. साठीच्या माणसाला मी कानाला धरून परत आणलं. एकदा अर्धं वायरिंग टाकून छपराचे पत्रे बदलायला शिडीवर चढलेला. "उतर! आधी उतर!" शेजारपाजारचे खिडक्यांतून बघताहेत, बघू देत.

त्याला सगळ्यात अवघड जायचं ते थांबणं. रंग वाळेपर्यंत थांबायचं म्हणजे शिक्षा. गाडीच्या मागच्या बाजूला अजून त्याच्या बोटांचे ठसे आहेत, वाळलाय का म्हणून दर पाच मिनिटांनी लावून बघितलेले. अशाच एका दिवशी हात शिवशिवले म्हणून त्याने ग्राइंडर घेतला आणि इंजिनवरचा गंज, मळ, डाग सगळं घासून काढलं. मी आले तर इंजिन आरशासारखं! मी त्यात बघून केस नीट केले आणि म्हटलं, "शाब्बास रे भिंगरी." मी म्हटलं हो. मीच.

चौदा महिन्यांनी गाडी उभी राहिली. बुटकी, लांब नाकाची, वर छप्पर नाही, बाजूला दारं नाहीत, टांग टाकून आत बसायचं. तपासणीच्या आदल्या दिवशी बॉनेट बंद करणारी क्लिप तुटली आणि दादा शेडभर पाय आपटत फिरायला लागला. मी घरात जाऊन ड्रॉवर उपसला, हाताला एक पितळी कडी लागली. "हे घे, चालतंय का बघ." त्याने ती चार स्क्रूंनी बसवली. अशी चपखल बसली, जणू तिथलीच.

वाहन नोंदणीच्या कार्यालयातला तपासनीस कमी बोलणारा. ब्रेक बघितले, दिवे बघितले, हॉर्न वाजवला, मान हलवली. मग टॉर्च घेऊन इंजिनवर वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

"इंजिन नंबर कुठाय?"

कागदावर होता. भंगारवाल्याच्या पावतीवर होता. इंजिनवर मात्र जिथे तो ठोकलेला असतो तिथे लख्ख चकाकी.

"चमकवलं हो मी," दादा म्हणाला. "गंज होता."

"चोरीच्या गाड्यांचे नंबरही असेच चमकवतात," तपासनीस म्हणाला. चिडून नाही, रोजचं असल्यासारखं. आणि त्याने कागदावर 'नामंजूर' लिहून आणायच्या सहा कागदांची यादी हातात दिली. मी कपाळावर हात मारून घेतला.

घरी आल्या आल्या दादाने भिंतीवरचं घड्याळ उतरवलं आणि त्याचं मागचं झाकण काढलं. ते बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ठेव ते! सहा कागद आणायचेत, खेपा घालायच्यात, आणि तू घड्याळ उघडतोस? आरंभशूर मेला! वडील काय खोटं बोलायचे?"

त्याने झाकण हातात धरलेलं. म्हणाला, "तिथे बसावं लागतं गं."

"कुठे?"

"त्या बाकावर. आपलं नाव पुकारेपर्यंत. नाही जमत मला. नुसतं बसलं की छातीत धडधडतं. वाटतं, झालं, संपलं आपलं. काहीतरी उघडलेलं असलं की बरं असतं, उद्या उठायला कारण असतं."

इतक्या वर्षांत हा माणूस माझ्याशी असं बोलला नव्हता. मला रडू येत होतं, म्हणून मी आणखीच ओरडले. "आणि वहिनी? ती सव्वा वर्ष बसलीय ना तिकडे! ती कशी बसली असेल?"

त्याने झाकण लावलं, घड्याळ परत टांगलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयात गेला.

पाच महिने जात होता. भंगारवाल्याचा दाखला, इंजिन बनवणाऱ्या कारखान्याचं पत्र, शपथेवरचं निवेदन. आज हा साहेब नाही, उद्या तो शिक्का नाही. नवव्या खेपेला मी अर्धी रजा टाकून त्याच्यामागून गेले. हा खरंच तिथे जातो की कुठे स्कूटर खोलत बसतो ते बघायचं होतं, खोटं कशाला बोलू. दारातून डोकावले. बाकावर दोन माणसांच्या मध्ये दादा बसला होता. दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून, हात बांधून ठेवल्यासारखा. डोक्यावरचा पंखा खडखड करत होता, एक स्क्रू सैल असणार. समोरच्या कारकुनाचा ड्रॉवर अडकत होता, तो दर वेळी दोन्ही हातांनी हिसके देत होता. दादाने पंख्याकडे बघितलं. ड्रॉवरकडे बघितलं. घाम फुटला होता त्याला, पण उठला नाही. मी तशीच परत फिरले.

ती पहिली वेळ.

शेवटी कार्यालयातल्यांनी तज्ज्ञ बोलावला. प्रयोगशाळेतली बाई मी, मला ठाऊक होतं तो काय करणार ते. नंबर ठोकताना धातू आतपर्यंत दाबला जातो, वरून घासलं तरी खाली त्याची खूण राहते. त्याने त्या चकचकीत जागेवर अ‍ॅसिडचा बोळा फिरवला, पुसला, पुन्हा फिरवला. आधी काहीच नाही. मग एक सात उमटल्यासारखा झाला. मग तीन. मग कडेचा शून्य. दादा माझा हात इतका घट्ट धरून उभा होता की बांगडी रुतली. नंबर कागदाशी जुळला. त्यांनी तो पुन्हा ठोकून दिला आणि शिक्का मारला.

त्याच आठवड्यात आम्ही निघालो. मी का? तर वाटेत काही सुटलं तर हत्यारांची पिशवी कोण धरणार! दोनशे किलोमीटर तोंडावर वारा, दातांत धूळ, शेजारून जाणारे ट्रकवाले वाकून बघताहेत, आणि दादा शीळ घालतोय. एकच गाणं, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

दुपारी भाचीच्या दारात पोचलो. हॉर्न ऐकून वहिनी हात पुसत बाहेर आली. केस बरेच पांढरे झाले होते. दादा टांग टाकून उतरला आणि सुरूच झाला. हा सांगाडा, हे इंजिन, हे वायरिंग सगळं मीच केलं, हा बघ नंबर, हे बघ कागद, संपूर्ण, एक काम बाकी नाही! वहिनी गाडीभोवती फिरली. मागचे बोटांचे ठसे बघून किंचित हसलीसुद्धा. माझ्या जीवात जीव आला. मग ती पुढे आली, बॉनेटपाशी थांबली, वाकली आणि हात लावला.

"ही माझी कडी आहे," ती म्हणाली.

दादाचं तोंड उघडंच राहिलं.

"क्लिप तुटली होती म्हणून..." तो म्हणाला.

"मीच दिली," मी म्हटलं. "वहिनी, ड्रॉवरमधून मीच काढून दिली. लक्षातच नाही आलं गं, कसली ते."

"म्हणजे बाथरूमला अजून नाहीच." तिने आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघितलं. एवढे महिने त्या बाथरूममध्ये आम्ही दोघं गात होतो, आणि दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. इतकी वर्षं नसलेली वस्तू नाहीये हेच दिसेनासं झालं होतं.

"अहो, मी एक गोष्ट म्हटलं होतं," वहिनी म्हणाली. "गाडी मागितली होती का मी?"

"मला वाटलं, काहीतरी मोठं..." दादाचा आवाज चिरकला. "लिफ्टचं चुकलं की माणूस पडतो, म्हणून तिथे जपायचो. घरी काय, घरी कोण पडतंय, असं मला..."

"मी पडले," वहिनी म्हणाली. "तुमच्या सगळ्या माणसांसमोर पडले. आणि तुम्ही विचारत होता, झालं काय एवढं."

मला राहवेना. "आणि मी हसले," मी म्हटलं. "चुकलं माझं, वहिनी. फार चुकलं. तेव्हाच सांगायला हवं होतं." तेव्हा पहिल्यांदा तिने माझ्याकडे नीट बघितलं. तिचे डोळे भरले होते, माझं तर आधीच वाहायला लागलं होतं.

दादाने माझ्या हातातल्या पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला. गुडघ्यांवर बसून चारही स्क्रू काढले, कडी शर्टाला पुसली आणि वहिनीच्या हातावर ठेवली. "घरी गेल्या गेल्या लावतो," म्हणाला. "अगदी पहिलं काम."

"तुम्ही नाही," वहिनी म्हणाली. "मी लावणार. तुम्ही नुसतं बसायचं."

ती आत गेली आणि पाच मिनिटांत बॅग घेऊन बाहेर आली. बॅग भरलेलीच होती की काय, देव जाणे. भाचीने कपडे वाळत घालायची दोरी आणून बॉनेट बांधून दिलं. मग वहिनी गाडीपाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "दोनच सीट?"

दादाने माझ्याकडे बघितलं, मी दादाकडे. एकोणीस महिने दोघं त्या गाडीपायी राबलो आणि हा हिशोब एकालाही सुचला नाही! "मला बसनेच आवडतं," मी म्हटलं आणि हत्यारांची पिशवी वहिनीच्या मांडीवर दिली. वळणावर दिसेनाशी होईपर्यंत गाडीकडे बघत उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बसने घरी पोचले, तर दादा पायरीवर बसलेला. दोन्ही तळवे मांड्यांखाली. आतून ठाकठूक ऐकू येत होती, मधेच ड्रिलचा आवाज, मधेच वहिनीचं स्वतःशीच पुटपुटणं.

"तिरकी बसवतेय ती," दादा दबक्या आवाजात म्हणाला. "आवाजावरून कळतंय मला. चौकट आधी..."

"बस खाली."

"बसलोय ना!"

आणि खरंच बसला. ती दुसरी वेळ. अर्ध्या तासाने वहिनी बाहेर आली, हाताला भुसा, कपाळावर काळा डाग. कडी खरोखरच तिरकी होती. दादाने ती बघितली, ओठ घट्ट मिटले आणि म्हणाला, "छान झालीय."

प्रवासाने अंग धुळीने माखलं होतं, म्हणून पहिली मीच आत गेले. दार लावलं, कडी सरकवली. थोडा जोर लागला, पण लागली. बादलीत पाणी सोडलं आणि सवयीने गायला लागले, चांगलं मोठ्याने, दोन कडवी झाली असतील.

दारावर टकटक झाली.

"आत्याबाई," बाहेरून वहिनी म्हणाली, "आता गप्प बसलात तरी चालेल."